टाइप २ मधुमेह आणि औषधांचे सातत्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न रुग्णांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून पुन्हा पुन्हा येत असतात. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि एक उत्तर दुसऱ्याला जोडून असेल तेथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ही सर्व उत्तरे टाइप २ मधुमेहापुरती आहेत. टाइप १ मध्ये इन्सुलिन थांबवणे थेट जिवावर बेतू शकते, त्यामुळे तेथील नियम वेगळे असतात.

१. औषध नियमित घेणे म्हणजे नेमके काय? एकही गोळी चुकता कामा नये, असा त्याचा अर्थ आहे का?

रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात जे ठरले आहे ते, ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या काळापर्यंत घेणे, असा त्याचा अर्थ आहे. संशोधनात साधारणपणे ८० टक्के दिवस औषध हाताशी असेल तर त्या व्यक्तीला 'नियमित' धरतात, म्हणजे ३० दिवसांपैकी २४. ही रेषा मोजणाऱ्यांच्या सोयीची आहे, औषधाच्या गुणधर्मातून निघालेली नाही. महिन्यात विखुरलेले सहा खाडे आणि सलग सहा दिवसांचा खाडा यांची टक्केवारी एकच निघते, पण शरीरावरील परिणाम एकच नसतो.

खाडे तीन प्रकारचे असतात आणि ते वेगळे ओळखणे उपयोगाचे ठरते. काही जण चिठ्ठी घेऊन जातात, पण औषध सुरूच करत नाहीत. काहींचे औषध अधूनमधून चुकते. काही जण काही महिने नीट घेतात आणि मग पूर्ण थांबवतात. तिन्हींची कारणे निराळी असल्यामुळे 'गोळ्या वेळेवर घेत चला' हा एकच उपदेश तिघांनाही फारसा उपयोगी पडत नाही.

२. असे फक्त माझ्याच बाबतीत होते का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये दीर्घकालीन आजारांवरील औषधोपचारांचा आढावा घेतला. विकसित देशांतही औषध नीट घेणाऱ्यांचे प्रमाण सरासरी ५० टक्क्यांच्या आसपास असल्याचे, आणि विकसनशील देशांत ते त्याहून कमी असल्याचे त्यात नोंदवले आहे. त्याच अहवालात कारणांचे पाच गट केले आहेत : सामाजिक व आर्थिक परिस्थिती, आरोग्यसेवेची रचना, आजाराचे स्वरूप, उपचाराचे स्वरूप आणि स्वतः रुग्ण. पाचांपैकी रुग्ण हा एकच गट आहे, हे रागवणाऱ्या नातेवाइकांनी आणि डॉक्टरांनीही लक्षात ठेवावे असे आम्हाला वाटते.

३. मला काहीच त्रास होत नाही. मग रोज गोळी कशासाठी?

औषध सुटण्याच्या कारणांमध्ये हे कारण सर्वांत वरचे म्हणावे लागेल, कारण त्यामागचा तर्क साधा आणि अनुभवातून आलेला असतो. डोकेदुखीत गोळी घेतली की दुखणे थांबते आणि न घेतली की ते चालू राहते. शरीर ताबडतोब साक्ष देते. मधुमेहात अशी साक्ष मिळत नाही. रक्तातील साखर १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की ती मूत्रात उतरू लागते आणि त्यानंतर वारंवार लघवी, तहान अशी लक्षणे जाणवू लागतात. त्याखालची वाढ बहुधा कळतही नाही. त्यामुळे एखाद्याने आठ दिवस गोळी बंद ठेवून पाहिली, तर काहीच बिघडत नाही, किंबहुना पोटाला बरेच वाटते, आणि 'गोळीची गरज नव्हती' हा निष्कर्ष पक्का होतो.

नुकसान डोळ्यांच्या पडद्यातील, मूत्रपिंडातील आणि नसांभोवतीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षे साचत जाते. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या प्रदीर्घ अभ्यासाचे मुख्य निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ज्या गटाचे एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी ७ टक्के राहिले, त्या गटात ७.९ टक्के असलेल्या गटाच्या तुलनेत सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका २५ टक्क्यांनी कमी आढळला. २००८ मधील पाठपुराव्यात आणखी एक गोष्ट दिसली : दोन्ही गटांच्या साखरेतील फरक पुढे पुसला गेला, तरी सुरुवातीच्या वर्षांत नियंत्रण राखलेल्यांना त्याचा फायदा मिळत राहिला. म्हणजे ज्या वर्षांत काहीच त्रास नसतो, तीच वर्षे औषधासाठी सर्वांत मोलाची असतात.

४. घ्यायची इच्छा असते, पण विसरायला होते. काय करावे?

आधी नेमके काय विसरते ते पाहावे. आठवड्याच्या कप्प्यांची डबी असेल, तर रविवारी रात्री ती उघडून बघा. सकाळचे सातही कप्पे रिकामे आणि संध्याकाळच्या कप्प्यांत चार गोळ्या तशाच पडलेल्या, असे चित्र अनेकदा दिसते. अशा वेळी अडचण स्मरणशक्तीची नसून संध्याकाळची असते : कामावरून परतण्याची वेळ अनिश्चित असते, जेवण बाहेर होते आणि डबी घरी राहते. मग उपाय त्या संध्याकाळसाठी शोधायला हवा. संध्याकाळची गोळी सकाळी हलवता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

मोबाइलच्या गजराचा उपयोग होतो, पण काही आठवड्यांनी गजर बंद करून 'नंतर घेऊ' म्हणण्याचीच सवय जडते. रोज न चुकणाऱ्या कृतीला, उदाहरणार्थ दात घासण्याला, गोळी जोडलेली अधिक टिकते. मात्र जेवणासोबत घ्यायच्या गोळ्यांची डबी जेवणाच्या जागेपाशीच हवी. प्रवास, पाहुणे आणि सुटीचे दिवस यांत घडी विस्कटते, म्हणून एक पाकीट पिशवीत वेगळे ठेवलेले बरे.

५. दिवसातून इतक्या वेळा इतक्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्या कमी होऊ शकतात का?

पुष्कळदा होऊ शकतात, आणि हा प्रश्न विचारण्यात काहीही गैर नाही. दिवसातून एकदा घ्यायचे औषध दोन-तीनदा घ्यायच्या औषधापेक्षा अधिक नियमितपणे घेतले जाते, हे वारंवार दिसून आले आहे. दोन औषधांची एकत्रित गोळी किंवा हळूहळू विरघळणारी, दिवसातून एकदा घ्यायची गोळी हे त्यावरचे प्रचलित मार्ग आहेत. एकत्रित गोळीत एकाच घटकाची मात्रा बदलणे मात्र अवघड जाते, म्हणून मात्रा स्थिरावल्यावर तिचा विचार करणे सोयीचे असते.

हळूहळू विरघळणारी गोळी कुटू किंवा चावू नये. तसे केल्यास दिवसभराची मात्रा एकदम सुटते. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील नेहमीच्या औषधाच्या अशा गोळीचे मऊ, रिकामे कवच कधीकधी शौचात जसेच्या तसे दिसते. 'गोळी पचतच नाही, मग घ्यायची कशाला' अशा समजुतीने औषध सोडलेल्यांचे प्रश्न आमच्याकडे येतात. औषध कवचातून आधीच झिरपून शरीरात गेलेले असते आणि बाहेर पडते ते फक्त टरफल. हे एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगितले असते, तर तो खाडा टळला असता.

६. गोळीने पोट बिघडते किंवा इतर त्रास होतो, म्हणून बंद केली. चुकले का?

त्रास खरा आहे. न सांगता बंद करणे हे चुकले. मेटफॉर्मिनमुळे मळमळ, जुलाब आणि पोटात गुडगुड होणे हे बऱ्याच जणांना सुरुवातीला जाणवते. लहान मात्रेने सुरुवात करून ती एक-दोन आठवड्यांच्या अंतराने वाढवत नेली, गोळी जेवणासोबत घेतली आणि गरज पडल्यास हळूहळू विरघळणारा प्रकार वापरला, तर बहुतेकांचा त्रास निवळतो. अकार्बोजने पोटात वायू धरतो. जीएलपी-१ गटातील (सेमाग्लुटाइड, डुलाग्लुटाइड यांसारख्या) इंजेक्शनांनी मळमळते, म्हणून त्यांचीही मात्रा टप्प्याटप्प्यानेच वाढवतात. पायोग्लिटाझोनने पायांवर सूज आणि वजनात वाढ होऊ शकते. धाप लागत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

एका त्रासाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि त्यामुळे जननेंद्रियांवर बुरशीचा संसर्ग होऊन खाज सुटू शकते. संकोचापायी रुग्ण खाजेबद्दल काही न सांगता गोळीच सोडून देतात. हा संसर्ग सहसा साध्या मलमाने किंवा गोळीने बरा होतो आणि नियमित स्वच्छतेने त्याची शक्यता कमी होते.

७. एकदा साखर एकदम उतरली होती. तेव्हापासून गोळीची भीतीच बसली आहे.

ही भीती पूर्णपणे समजण्यासारखी आहे. ऐन कामात हात थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड आणि डोळ्यांपुढे अंधारी हा अनुभव एकदा आला की माणूस साखर मुद्दाम चढी ठेवू लागतो. अर्धीच गोळी घेतो किंवा झोपण्यापूर्वी विनाकारण खातो. तेव्हा आपल्या कोणत्या औषधाने साखर उतरू शकते, हे आधी जाणून घ्यावे. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्यांनी ती उतरू शकते. मेटफॉर्मिन एकटेच चालू असेल, तर हा धोका फार कमी असतो. भीती एका गोळीची असताना सगळ्याच गोळ्या सोडलेले लोक आढळतात.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि तरीही कमी असल्यास पुन्हा घ्यावे. अकार्बोज घेणाऱ्यांनी ग्लुकोजच घ्यावे, कारण हे औषध साध्या साखरेचे पचन लांबवते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधड जाणवत नाही. घाम हीच खूण उरते. असा प्रसंग घडला की त्याची वेळ आणि आधीचे जेवण लिहून ठेवून डॉक्टरांना दाखवावे. मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे हा त्यावरचा उपाय आहे.

८. या गोळ्यांनी मूत्रपिंड खराब होते, असे सगळे सांगतात. खरे काय?

मूत्रपिंड खराब करते ती वाढलेली साखर आणि तिच्या जोडीचा रक्तदाब. हा गैरसमज पसरण्याचे एक कारण असे, की मूत्रपिंडाची कार्यक्षमता घटल्यावर मेटफॉर्मिनची मात्रा कमी करतात आणि तिचा रक्ततपासणीतून काढलेला आकडा (ईजीएफआर) ३० च्या खाली गेला की ते थांबवतात. पाहणाऱ्याला वाटते की गोळीमुळे बिघाड झाला म्हणून ती बंद केली. वस्तुतः दुबळे मूत्रपिंड हे औषध पुरेसे बाहेर टाकू शकत नाही, म्हणून ही खबरदारी घेतात. एम्पाग्लिफ्लोझिनच्या गटातील औषधे तर मूत्रपिंडाच्या संरक्षणासाठीही दिली जातात. मेटफॉर्मिनचा दीर्घकालीन दुष्परिणाम म्हणून ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता होऊ शकते. ती रक्ततपासणीत कळते आणि भरूनही काढता येते.

९. गोळ्या वाढतच चालल्या आहेत, आता इन्सुलिनचे नाव काढतात. म्हणजे मी हरलो का?

टाइप २ मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची क्षमता काळाबरोबर घटत जाते. निदान होते त्याच वेळी ती बरीच कमी झालेली असते, त्यामुळे काही वर्षांनी औषध वाढणे हा बहुधा आजाराचा स्वाभाविक प्रवास असतो आणि तो गुणपत्रिकेसारखा वाचू नये. दुर्दैवाने कधीकधी उपचार करणारेच 'पथ्य पाळले नाही तर इन्सुलिन लावावे लागेल' असा धाक घालतात. पुढे इन्सुलिन खरोखर लागते, तेव्हा ते रुग्णाला शिक्षा वाटते आणि चिठ्ठी घडी करून खिशातच राहते. हा धाक बंद व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. सुईच्या वेदनेची शंका असेल, तर दवाखान्यात एकदा कोरडी सुई टोचून पाहण्याची विनंती करावी.

१०. औषध पुरवून पुरवून, दिवसाआड घेतले तर चालेल का?

नाही. बहुतेक गोळ्यांचा परिणाम एक दिवसच टिकतो. दिवसाआड घेतल्यास अर्धे दिवस औषधाविना जातात. मात्र खर्च हे लाजेचे कारण नाही आणि ते झाकून ठेवण्यात नुकसानच आहे. मेटफॉर्मिन आणि सल्फोनिलयुरिया ही जुनी, तुलनेने स्वस्त आणि परिणामकारक औषधे आहेत; अनेक औषधे मूळ नावाने म्हणजे जेनेरिक स्वरूपात मिळतात. सगळीच औषधे घेणे जमत नसेल, तर 'यांतील कोणते कधीच चुकवू नये?' असे डॉक्टरांना सरळ विचारावे. कोणते सोडायचे ते आपल्या मनाने ठरवू नये.

११. मनच लागत नाही, गोळ्यांचा कंटाळा आला आहे. याचा मधुमेहाशी संबंध आहे का?

आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. नैराश्यात झोप, भूक, कामातील रस सगळेच ओसरते आणि औषध त्यातलीच एक सुटलेली गोष्ट असते. त्याला स्वतंत्र उपचार लागतात. दुसरा थकवा केवळ मधुमेहाचा असतो : रोजची मोजमापे, प्रत्येक घासावर नजर आणि सुटी नसलेली शिस्त यांचा. असा माणूस इतर बाबतीत हसता-खेळता असतो, पण ग्लुकोमीटर पाहिला की त्याच्या कपाळावर आठी पडते. त्याला नैराश्यावरील गोळीपेक्षा उपचार सोपा करणे आणि कोणीतरी ऐकून घेणे अधिक उपयोगी पडते.

१२. गोळ्या चुकल्या आहेत, हे डॉक्टरांना सांगावे का? ते रागावतील.

सांगावेच, या पानावरील एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचावे. डॉक्टरांसमोर फक्त साखरेचा आकडा असतो. तुम्ही निम्म्या गोळ्या घेत आहात हे त्यांना माहीत नसेल, तर त्यांच्या दृष्टीने पूर्ण मात्रा अपुरी पडत असते आणि ते मात्रा वाढवतात किंवा नवे औषध जोडतात. पुढे तुम्ही मनावर घेऊन, किंवा रुग्णालयात दाखल झाल्यावर परिचारिकेच्या हातून, चिठ्ठीवरची सगळी औषधे पहिल्यांदाच पूर्ण घेता आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. चुकलेल्या गोळीपेक्षा लपवलेली गोळी अधिक घातक ठरते ती अशी.

'नियमित घेतो ना?' या प्रश्नाला 'हो' याखेरीज उत्तर देणे कठीण जाते, हेही खरे. म्हणून स्वतःच सुरुवात करावी : 'गेल्या आठवड्यात तीन गोळ्या राहिल्या, तिन्ही रात्रीच्या.' उरलेली पाकिटे सोबत नेली, तर बोलणे आणखी सोपे होते.

१३. तपासणीच्या आधी आठ-दहा दिवस सगळे नीट पाळले, तर अहवाल चांगला येईल का?

उपाशीपोटीची साखर चांगली येईल, एचबीए१सी मात्र फसणार नाही. लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तिच्यातील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते. शेवटच्या महिन्याचा वाटा त्यात सर्वांत मोठा असतो. दोन्ही आकडे जुळले नाहीत म्हणजे रुग्ण खोटे बोलतो, असे मात्र समजू नये. रक्तक्षय, नुकतेच रक्त चढवणे, मूत्रपिंडाचा गंभीर विकार किंवा हिमोग्लोबिनचे आनुवंशिक प्रकार यांमुळेही एचबीए१सी खोटे वर-खाली होते.

१४. गोळी चुकली, तर पुढच्या वेळी दोन घ्याव्यात का?

दोन कधीच घेऊ नयेत. मेटफॉर्मिन आठवल्यावर खाण्यासोबत घेता येते. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. जेवणाशी बांधलेली सल्फोनिलयुरियाची गोळी जेवण होऊन गेल्यावर, विशेषतः रात्री उशिरा, घेऊ नये. आठवड्याच्या इंजेक्शनांचे नियम निरनिराळे आहेत : सेमाग्लुटाइड चुकल्यापासून पाच दिवसांच्या आत घेता येते, तर डुलाग्लुटाइड पुढच्या मात्रेला किमान तीन दिवस उरले असतील तरच. इन्सुलिनचे वेळापत्रक व्यक्तीगणिक बदलते. ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

१५. वडिलांना गोळी घेतल्याचे आठवत नाही आणि ते ती पुन्हा घेतात. आम्ही काय करावे?

येथे धोका खाड्याचा नसून दुप्पट मात्रेचा आहे, आणि वृद्धांमध्ये साखर उतरणे म्हणजे पडणे, हाड मोडणे किंवा गोंधळ उडणे. कप्प्यांची डबी घरातील एकानेच भरावी आणि उरलेली पाकिटे नजरेआड ठेवावीत. स्मृतिभ्रंश किंवा इतर गंभीर आजार असल्यास साखरेचे लक्ष्यही सैल ठेवतात, त्यामुळे औषधे कमी करता येतील का हे अवश्य विचारावे. देखरेख करताना चौकशीचा सूर उलटतपासणीचा होऊ नये, 'घेतली का?' असे दहादा विचारण्यापेक्षा डबी पाहून गप्प राहिलेले चांगले.

१६. एकही गोळी चुकत नाही, तरी साखर वाढलेलीच. असे का?

कारणे अनेक असू शकतात. इन्सुलिन उन्हात किंवा गोठून निकामी झालेले असते, किंवा उघडलेली कुपी ठरलेल्या मुदतीनंतरही, जी बऱ्याच प्रकारांत सुमारे २८ दिवसांची असते, वापरली जाते. एकाच जागी टोचत राहिल्याने त्वचेखाली गाठी होतात आणि तेथून इन्सुलिन नीट शोषले जात नाही. बोटांनी चाचपून पाहिल्यास त्या कळतात. सेमाग्लुटाइडची गोळी उपाशीपोटी, जेमतेम अर्ध्या पेल्याइतक्या म्हणजे १२० मिलिलिटरपर्यंतच्या पाण्यासोबत घेऊन पुढे अर्धा तास काहीही खायचे-प्यायचे नसते. चहासोबत घेतली तर ती जवळजवळ वाया जाते. स्टिरॉइडची औषधे आणि शरीरातील संसर्ग यांनीही साखर चढते. यांपैकी काहीच नसेल, तर प्रश्न ९ पाहावा.

१७. कधी गोळी न घेणेच योग्य असते का?

होय, आणि असे प्रसंग आधीच माहीत असलेले बरे. उलट्या-जुलाब होऊन अन्नपाणी पोटात ठरत नसेल, तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनच्या गटातील गोळ्या सहसा तात्पुरत्या थांबवतात. सल्फोनिलयुरियाबाबत डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे, कारण जेवण नसताना तिने साखर उतरू शकते. इन्सुलिन मात्र आपणहून पूर्ण बंद करू नये. आजारपणात न खाताही साखर वाढू शकते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन साधारण तीन दिवस, तर एर्टुग्लिफ्लोझिन चार दिवस आधी थांबवतात. या गटात साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साचू शकतात. मळमळ, पोटदुखी आणि धाप एकत्र दिसली तर ग्लुकोमीटरच्या आकड्यावर विसंबून घरी थांबू नये. थांबवलेल्या गोळ्या नेहमीसारखे खाणे-पिणे सुरू होऊन एक-दोन दिवस झाल्यावर पुन्हा चालू करतात; ती तारीख डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावी, कारण तात्पुरते म्हणून थांबवलेले औषध तसेच बंद राहून जाणे हेही कायमच्या खाड्याचे एक नेहमीचे कारण आहे.